एकामागून एक की सगळे एकदम? डिप्लॉयमेंटमधली क्रमाची गडबड शोधून काढताना

आठ ॲप सर्व्हर होते. रीस्टार्टच्या टास्कवर स्पष्ट लिहिलं होतं की सर्व्हर क्रमाने घ्या, दोघांच्या मध्ये पाच सेकंद थांबा. तरीही डिप्लॉय (नवा कोड सर्व्हरवर चढवणं) सुरू केल्यावर आठही सर्व्हर एकाच क्षणी खाली गेले. मी पुढचे दोन तास लोड बॅलन्सर (येणाऱ्या विनंत्या सर्व्हरमध्ये वाटून देणारं यंत्र) तपासत बसलो, कारण कोडमध्ये ‘क्रमाने’ हा शब्द डोळ्यांसमोर होता आणि त्याच्यावर शंका घ्यावी असं मनातच आलं नाही. चूक त्या शब्दात नव्हतीच. तो शब्द ज्या थरावर लिहिला होता, त्या थरावर त्याचा अंमल चालत नव्हता. (नेमकं काय झालं ते पुढे कॅपिस्ट्रानोच्या भागात सांगतो.)

तेव्हापासून अशी तक्रार आली की मी सेटिंगकडे नंतर बघतो आणि आधी एक प्रश्न विचारतो: नक्की काय एकामागून एक चालायला हवं आहे? सर्व्हर? एका सर्व्हरवरची कामं? एका कामातल्या लूपच्या फेऱ्या? की अख्खे डिप्लॉय? हे चार वेगळे थर आहेत आणि प्रत्येकाचा खटका वेगळा आहे. एका थराचा खटका दाबून दुसऱ्या थरावर परिणाम होईल अशी वाट बघण्यातच बहुतेकांचा वेळ जातो.

खाली आन्सिबल, कॅपिस्ट्रानो आणि फॅब्रिक ही एका जागेवरून अनेक सर्व्हरवर कामं चालवणारी तीन साधनं धरून सांगतो आहे. सेटिंगची नावं उच्चाराप्रमाणे दिली आहेत. फाइलमध्ये ती इंग्रजी स्पेलिंगने लिहायची, आणि आन्सिबलमध्ये दोन शब्दांच्या मध्ये अंडरस्कोर द्यायचा.

आधी मोजा

लॉगमध्ये ओळी क्रमाने दिसतात म्हणजे काम क्रमाने झालं, असं समजू नका. बहुतेक साधनं एखाद्या होस्टचं (ज्या सर्व्हरवर काम चालतं त्याचं) काम संपलं की मग त्याची ओळ छापतात. त्यामुळे समांतर चाललेलं कामही स्क्रीनवर शिस्तीत एकाखाली एक दिसतं.

त्याऐवजी एक बिनधोक टास्क तयार करा: सुरुवातीची वेळ छापायची, पाच सेकंद झोपायचं, शेवटची वेळ छापायची. एवढंच. हा टास्क तुमच्या खऱ्या डिप्लॉयमध्ये ज्या जागी शंका आहे, नेमक्या त्याच जागी घाला. वेगळ्या फाइलमध्ये चालवून उपयोग नाही, कारण मूळ जागचं वातावरण तिथे नसतं. मग एकूण लागलेला वेळ बघा. सहा होस्ट असतील तर हिशोब सोपा आहे:

- साधारण ३० सेकंद लागले, तर होस्ट एकामागून एक चालले.
- साधारण ५ सेकंद लागले, तर सगळे एकदम चालले.
- साधारण १० सेकंद लागले, तर दोन लाटांत चालले. म्हणजे कुठेतरी एका वेळी किती होस्ट घ्यायचे याची मर्यादा आहे.

आन्सिबलमध्ये काहीच न बदलता ही चाचणी केली तर हमखास तिसरं उत्तर येतं, कारण तिथे फोर्क्स या सेटिंगची मूळ किंमत ५ असते. पहिले पाच होस्ट एका लाटेत जातात आणि सहावा एकटा मागे राहतो.

सर्व्हरवर छापलेल्या वेळा एकमेकांशी ताडून बघायच्या असतील तर सगळ्यांची घड्याळं जुळलेली आहेत ना, ते आधी पाहा. दोन सर्व्हरच्या घड्याळांत तीन सेकंदांचा फरक असेल तर निष्कर्ष उलटा निघू शकतो. शक्यतो ज्या मशीनवरून डिप्लॉय चालतो, त्याच मशीनच्या घड्याळावर मोजा.

आन्सिबल: फोर्क्स आणि सीरियल यांची गल्लत

सगळ्यात जास्त वेळ मी इथे घालवणार आहे, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

आन्सिबलची नेहमीची चाल ‘लिनिअर’ नावाची आहे. पहिला टास्क सगळ्या होस्टवर पूर्ण होतो, मगच दुसरा टास्क सुरू होतो. एका टास्कसाठी एका वेळी किती होस्टना हात घालायचा, एवढंच फोर्क्स ठरवतं.

आता समजा बारा सर्व्हर आहेत आणि तीन टास्क आहेत: सेवा थांबवा, नवा कोड ठेवा, सेवा सुरू करा. फोर्क्स ५ असताना पहिला टास्क पाच, पाच, दोन अशा लाटांत बाराही सर्व्हरवर होतो. म्हणजे दुसरा टास्क सुरू होण्याआधीच तुमची बाराही यंत्रं बंद पडलेली असतात.

हे पाहून अनेक जण फोर्क्स १ करतात. ‘आता एकेक सर्व्हर घेईल’ असं वाटतं. घेतोही एकेक, पण टास्क बदलण्याचा नियम तोच राहतो. बाराही सर्व्हर एकेक करून बंद होतात, मग एकेक करून कोड ठेवला जातो, मग एकेक करून सुरू होतात. सेवा बंद राहण्याचा काळ कमी व्हायच्या ऐवजी कित्येक पटींनी वाढतो. आजार तोच राहिला, औषधाने ताप मात्र वाढला.

इथे हवं असतं सीरियल. ते प्लेच्या (ठरावीक होस्टवर चालवायच्या टास्कच्या यादीच्या) पातळीवर लिहितात आणि त्याचा अर्थ असा: इतके होस्ट घ्या, त्यांच्यावर अख्खा प्ले पहिल्या टास्कपासून शेवटच्यापर्यंत संपवा, मगच पुढचे होस्ट घ्या. सीरियल १ दिलं की पहिला सर्व्हर थांबतो, बदलतो, उभा राहतो, आणि मग दुसऱ्याची पाळी येते.

सीरियलला आकडा देता येतो, टक्केवारी देता येते, यादीही देता येते. मला यादी आवडते: आधी १, मग ३, मग ३० टक्के. पहिल्या एका सर्व्हरवर चूक उघडी पडते, आणि सगळं नीट असेल तर उरलेले भराभर उरकतात. यादी संपल्यावरही होस्ट उरले असतील तर शेवटची किंमतच पुन्हा पुन्हा वापरली जाते.

दोन्ही सेटिंगचं नातंही लक्षात असू द्या. सीरियल १० आणि फोर्क्स ५ असेल तर दहाच्या बॅचमध्येही (गटातही) एका वेळी पाचच होस्ट चालतील. बॅच मोठी करूनही वेग वाढला नाही, तर हे कारण आधी तपासा.

आणि एकाच प्लेबुकमध्ये (प्ले लिहिलेल्या फाइलमध्ये) दोन प्ले लिहिले असतील तर ते नेहमी एकामागून एकच चालतात, त्यांचे होस्ट पूर्ण वेगळे असले तरीही. डेटाबेसचा प्ले आणि ॲपचा प्ले एकाच वेळी चालावेत असं वाटत असेल तर त्यासाठी दोन वेगळे रन सुरू करावे लागतात.

सीरियल लावल्यावर नव्याने उगवणाऱ्या अडचणी

सीरियल लावलं आणि प्रश्न सुटला, असं सहसा होत नाही. तीन गोष्टी लगेच डोकं वर काढतात.

पहिली, रन वन्स. डेटाबेस मायग्रेशन (डेटाबेसची रचना बदलणारं काम) एकदाच चालावं म्हणून आपण त्या टास्कला रन वन्स लावतो. सीरियल नसताना ते खरोखर एकदाच चालतं. सीरियल असताना मात्र ते प्रत्येक बॅचमध्ये एकदा चालतं. बारा सर्व्हर, सीरियल ३, म्हणजे चार वेळा. मायग्रेशन पुन्हा चाललं तर बहुतेक वेळा बिघडत नाही, पण ‘सुरुवातीचा डेटा भरा’ किंवा ‘सगळ्यांना निरोप पाठवा’ अशी कामं चार वेळा झाली तर ते सगळ्यांना दिसतं. यावर दोन उपाय आहेत. त्या टास्कला अट घाला की होस्टचं नाव प्लेमधल्या सगळ्या होस्टच्या मूळ यादीतल्या पहिल्या नावाशी जुळलं तरच चालव. ही यादी ‘आन्सिबल प्ले होस्ट्स ऑल’ या व्हेरिएबलमध्ये असते. किंवा मायग्रेशनचा स्वतंत्र प्ले करा आणि त्याला सीरियल लावूच नका. मी दुसरा मार्ग घेतो, कारण सहा महिन्यांनी ती फाइल उघडणाऱ्या माणसाला तो वाचताक्षणी कळतो.

दुसरी, फॅक्ट्स, म्हणजे आन्सिबल प्रत्येक होस्टबद्दल गोळा करतं ती माहिती. समजा एखाद्या टेम्प्लेटमध्ये (कॉन्फिग फाइलच्या साच्यात) तुम्ही सगळ्या ॲप सर्व्हरचे आयपी पत्ते लिहिता. सीरियल असताना पहिल्या बॅचच्या वेळी फक्त त्या बॅचच्या होस्टची माहिती गोळा झालेली असते. बाकीच्यांच्या फॅक्ट्स अजून अस्तित्वातच नसतात. मग एकतर ‘व्हेरिएबल सापडलं नाही’ अशी चूक येते, किंवा टेम्प्लेटमध्ये कुणी डीफॉल्ट किंमत ठेवलेली असेल तर त्याहून वाईट होतं: अर्धवट यादीची फाइल गुपचूप तयार होते. सुरुवातीला सगळ्या होस्टवर फक्त फॅक्ट्स गोळा करणारा छोटा प्ले ठेवा. त्याला सीरियल नको.

तिसरी गोष्ट हँडलरची. कॉन्फिग बदललं की ‘सेवा रीस्टार्ट कर’ असा हँडलर (बदल झाला तरच चालणारा टास्क) आपण सूचित करतो. पण तो लगेच चालत नाही. प्लेचे टास्क संपल्यावर चालतो, आणि सीरियल असेल तर त्या बॅचचे टास्क संपल्यावर. म्हणून ‘आरोग्य तपासा’ हा टास्क मुख्य यादीच्या शेवटी ठेवला तर तो जुन्याच, अजून रीस्टार्ट न झालेल्या सेवेची तब्येत तपासतो आणि आनंदाने हिरवा होतो. रीस्टार्ट त्यानंतर होतो. तपासणीच्या आधी मेटा टास्कमधून फ्लश हँडलर्स करा, म्हणजे साचलेले हँडलर तिथल्या तिथे चालतील.

एक पडला तर पुढचे थांबतात का?

क्रमाने चालवण्याचं मुख्य कारण हेच असतं ना, की पहिल्यावर बिघडलं तर बाकीचे वाचावेत? मग हे नक्की होतंय का, ते पाहायला हवं.

आन्सिबलमध्ये बॅचमधला एक जरी होस्ट शाबूत असेल तरी काम पुढे चालू राहतं. सीरियल ४ आहे, चारपैकी तीन सर्व्हर कोसळले, एक वाचला; तरी पुढची बॅच सुरू होते. अख्खी बॅच पडली तरच रन थांबतो. सीरियल १ असताना एक होस्ट म्हणजेच अख्खी बॅच, म्हणून तिथे हे आपोआप सुरक्षित वाटतं. मग कुणीतरी वेग वाढवायला १ चे ४ करतं आणि ती सुरक्षा नकळत निघून जाते. मला हा बदल सगळ्यात धोक्याचा वाटतो, कारण तो एका आकड्याचा असतो आणि कोड तपासणाऱ्याला त्यात काही वावगं दिसत नाही.

यावर मॅक्स फेल पर्सेंटेज वापरा, म्हणजे बॅचमधले किती टक्के होस्ट पडलेले चालतील याची मर्यादा. मात्र ही टक्केवारी ओलांडली गेली तरच रन थांबतो, बरोबरी झाल्यावर नाही. चारपैकी दोन पडल्यावर थांबायचं असेल तर ५० नव्हे, ४९ लिहा. एकही अपयश चालणार नसेल तर ० लिहा.

एनी एरर्स फेटल हा दुसरा पर्याय आहे. त्यात चूक झालेला टास्क चालू बॅचमधल्या सगळ्या होस्टवर पूर्ण केला जातो आणि मग प्ले थांबतो. म्हणजे ‘तत्काळ’ थांबेल अशी अपेक्षा इथेही ठेवू नका.

फ्री चाल आणि दुसऱ्याच मशीनवर होणारी टक्कर

वेगासाठी स्ट्रॅटेजी बदलून ‘फ्री’ केली तर प्रत्येक होस्ट बाकीच्यांची वाट न बघता आपापल्या गतीने शेवटपर्यंत धावतो. एकमेकांशी संबंध नसलेल्या सर्व्हरवर पॅच चढवायला ही चाल उत्तम आहे. पण ‘आधी सगळीकडे कोड पोचू दे, मग रीस्टार्ट’ असा क्रम तुम्ही मनात धरला असेल, तर तो इथे मोडतो. शिवाय फ्रीमध्ये रन वन्स पाळलंच जात नाही. आन्सिबल एक इशारा छापतं आणि तो टास्क बॅचमधल्या प्रत्येक होस्टसाठी चालवतं. लांबलचक लॉगमध्ये तो इशारा सहज नजरेतून सुटतो.

टक्कर होते ती डेलिगेट टूमुळे, म्हणजे एका होस्टचा टास्क दुसऱ्या मशीनवर चालवायला लावणाऱ्या सेटिंगमुळे. पाच होस्ट एकाच वेळी आपला टास्क लोड बॅलन्सरच्या मशीनवर सोपवतात आणि तिथली एकच फाइल दुरुस्त करतात. प्रत्येक जण फाइल वाचतो, आपली ओळ घालतो, पुन्हा लिहितो. शेवटी लिहिणाऱ्याची ओळ राहते, बाकीच्यांच्या हरवतात. हा दोष कधी दिसतो, कधी दिसत नाही, आणि तसा अधूनमधून दिसतो हीच त्याची ओळख. अशा टास्कला थ्रॉटल १ लावा. तेवढा टास्क एकेक करून चालेल आणि बाकीचं प्लेबुक पूर्वीच्याच वेगाने जाईल. एका टास्कसाठी अख्ख्या प्लेला सीरियल १ करणं म्हणजे एका खड्ड्यासाठी सगळा रस्ता बंद करणं.

कॅपिस्ट्रानो: माझी आठ सर्व्हरची गोष्ट

कॅपिस्ट्रानोची तिसरी आवृत्ती २०१३ साली आली. ती रेक (रूबीमधलं टास्क चालवणारं साधन) आणि एसएसएचकिट (सर्व्हरवर आज्ञा पाठवणारी लायब्ररी) यांच्यावर उभी आहे. त्यात ‘ऑन’ या ब्लॉकला कोणते सर्व्हर आणि कोणत्या पद्धतीने घ्यायचे ते सांगतात: समांतर, क्रमाने, किंवा गटागटाने. काहीच सांगितलं नाही तर समांतर.

माझ्या कोडमध्ये बाहेरच्या ऑन ब्लॉकवर ‘क्रमाने, पाच सेकंद थांबून’ असं होतं आणि आत रीस्टार्टचा दुसरा टास्क इनव्होक केलेला (बोलावलेला) होता. त्या दुसऱ्या टास्कमध्ये स्वतःचा ऑन ब्लॉक होता, आणि त्यावर पद्धत लिहिलेली नव्हती. बाहेरचा क्रम आतल्या ब्लॉकला वारशाने मिळत नाही. त्यामुळे बाहेरचा ब्लॉक पहिल्या सर्व्हरवर पोचताच आतला टास्क सुटला आणि त्याने आपल्या नियमाप्रमाणे आठही सर्व्हर एकदम रीस्टार्ट केले.

पुढच्या सात फेऱ्यांत काय झालं? काहीच नाही. रेकमध्ये टास्क एका रनमध्ये एकदाच इनव्होक होतो. दुसऱ्यांदा बोलावला तर तो आधीच झालेला मानून सोडून दिला जातो. म्हणजे लॉगमध्ये सात शांत फेऱ्या दिसत होत्या, मध्ये पाच-पाच सेकंदांचं अंतरही होतं, आणि दिसायला सगळं अगदी क्रमाने चाललं होतं.

दुरुस्ती साधी आहे. प्रत्यक्ष आज्ञा क्रमाच्या ऑन ब्लॉकमध्येच लिहा, किंवा आतल्या टास्कच्या ऑन ब्लॉकवर पद्धत स्पष्ट लिहा आणि बाहेरचा ब्लॉक काढून टाका. टास्क पुन्हा चालावा म्हणून त्याला रीएनेबल करणारे सल्ले मिळतील. या प्रकरणात तसं केलं असतं तर आठही सर्व्हर आठ वेळा रीस्टार्ट झाले असते.

एकदाच चालायच्या कामासाठी कॅपिस्ट्रानोत प्रायमरी सर्व्हर निवडण्याची सोय आहे. मायग्रेशन तिथेच ठेवा.

फॅब्रिक: क्रम आहे, पण थांबत नाही

फॅब्रिकच्या पहिल्या आवृत्तीत होस्ट मुळात एकामागून एक चालत, आणि समांतर हवं असेल तर तसं सांगावं लागे. २०१८ मध्ये आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत रचनाच बदलली; आता सीरियल ग्रुप आणि थ्रेडिंग ग्रुप असे दोन वर्ग आहेत आणि निवड तुम्ही करता. जुनी डेकोरेटरं (फंक्शनच्या वर लिहायच्या खुणा) नव्या आवृत्तीत शोधत बसू नका.

सीरियल ग्रुपबद्दल एक गोष्ट माहीत असायलाच हवी. पहिल्या होस्टवर आज्ञा फसली तरी तो ग्रुप थांबत नाही. झालेली चूक बाजूला ठेवून पुढच्या होस्टकडे जातो, सगळे संपवतो, आणि शेवटी सगळ्या चुका एकत्र करून ग्रुप एक्सेप्शन देतो. म्हणजे खराब कोड क्रमाने का होईना, सगळीकडे पोचलेला असतो. पहिल्या अपयशाला थांबायचं असेल तर ग्रुप वापरू नका. स्वतः साधा लूप लिहून एकेक कनेक्शन घ्या आणि प्रत्येकानंतर तपासा.

उलटी तक्रार: समांतर सांगितलं, तरी कूर्मगती

आन्सिबलमध्ये आधी फोर्क्स वाढवा आणि प्रोफाइल टास्क्स हा कॉलबॅक चालू करा. कोणत्या टास्कला किती वेळ लागतो ते तो दाखवतो, अंदाज बांधत बसावं लागत नाही.

अनेकदा दोषी निघतो तो लूप. एका होस्टवरच्या लूपच्या फेऱ्या एकामागून एकच चालतात. फोर्क्स कितीही वाढवले तरी त्यावर परिणाम होत नाही. वीस पॅकेजं लूपने एकेक करून बसवण्यापेक्षा पूर्ण यादी एकदाच मॉड्यूलला द्या. खरोखर लांब चालणाऱ्या आणि परस्परांपासून स्वतंत्र कामांसाठी असिंक लावून पोल ० ठेवा (म्हणजे टास्क मागे सोडून आन्सिबल वाट न बघता पुढे जातं) आणि नंतर असिंक स्टेटसने निकाल गोळा करा. निकाल गोळा करायचा विसरलात तर टास्क फसला तरी प्लेबुक हिरवंच राहील. आणि एकाच होस्टवर दोन पॅकेज इन्स्टॉल असिंकने एकदम सोडू नका. पॅकेज मॅनेजरच्या लॉकवर दोघं अडतील.

फोर्क्स वाढवल्यावर काही होस्ट अचानक ‘पोचता येत नाही’ म्हणू लागले, आणि दर वेळी वेगळेच होस्ट असले, तर मधल्या जंप सर्व्हरकडे (ज्याच्यातून बाकीच्या सर्व्हरकडे जावं लागतं त्याच्याकडे) बघा. ओपनएसएसएच (सर्व्हरशी सुरक्षित जोडणी करून देणारा प्रोग्राम) याच्या सर्व्हरमध्ये मॅक्स स्टार्टअप्सची मूळ किंमत १०:३०:१०० असते. ओळख पटायची बाकी असलेली दहा कनेक्शनं झाली की नवीन येणाऱ्यांपैकी ३० टक्के नाकारायला सुरुवात होते, प्रमाण वाढत जातं, आणि १०० ला सगळीच नाकारली जातात. पन्नास फोर्क्स एकाच जंप सर्व्हरवरून नेले की हे होणारच. शिवाय मॅक्स सेशन्सची मूळ किंमत १० आहे. एकाच कनेक्शनवरून अनेक सेशन नेत असाल तर तीही आड येते. या किमती वाढवा, किंवा फोर्क्स झेपतील एवढेच ठेवा.

दोन डिप्लॉय एकाच वेळी

प्लेबुक निर्दोष असूनही क्रम बिघडत असेल तर शेवटचा थर पाहा: दोन जणांनी एकाच वेळी डिप्लॉय दाबला आहे का? पाइपलाइनमधून (आपोआप चालणाऱ्या कामांच्या मालिकेतून) चालवत असाल तर गिटलॅबमध्ये एकाच स्टेजचे जॉब समांतर चालतात आणि दोन पाइपलाइनही एकमेकींची वाट बघत नाहीत. डिप्लॉयच्या जॉबला रिसोर्स ग्रुप द्या, म्हणजे त्या नावाचा एकच जॉब एका वेळी चालेल. पण रांगेतल्या जॉबचा क्रम मूळ सेटिंगमध्ये ठरलेला नसतो. जुना आधी हवा असेल तर तसा मोड निवडावा लागतो, नाहीतर नवा कोड आधी आणि जुना त्याच्यावर, असं होऊ शकतं.

हाताने चालवत असाल तर फ्लॉक ही लॉक लावणारी आज्ञा पुरेशी आहे. लॉक मिळालं नाही तर न थांबता लगेच अपयश द्यायला सांगा, म्हणजे दुसऱ्या माणसाला कळेल की कुणीतरी आधीच डिप्लॉय करतं आहे. मात्र हे लॉक त्या एका मशीनपुरतं असतं. प्रत्येक जण आपापल्या लॅपटॉपवरून डिप्लॉय करत असेल तर आधी एक सामाईक मशीन ठरवा.

दुरुस्तीनंतरची परीक्षा

झोपेचा टास्क पुन्हा घाला आणि वेळ मोजा. त्यानंतर चाचणीच्या सर्व्हरवर मुद्दाम बिघाड करा: मधल्या एका होस्टवर टास्क फसेल अशी अट घाला आणि पुढचे होस्ट खरोखर अस्पर्श राहतात का ते प्रत्येक मशीनवर जाऊन बघा. सर्व्हर रांगेत परत घेण्याआधीची तपासणी ‘पोर्ट उघडा आहे’ एवढ्यावर सोडू नका. ॲपकडून खरं उत्तर मागा आणि त्यात नव्या आवृत्तीचा क्रमांक येतो का ते पाहा. रिट्राईज (पुन्हा किती वेळा तपासायचं) आणि डिले (किती अंतराने) देऊन ॲपला उभं राहायला वेळ द्या. ठरावीक सेकंद थांबण्यावर विसंबू नका, कारण भार असलेल्या दिवशी तेच पाच सेकंद कमी पडतात आणि पुढचा सर्व्हर आधीचा उभा राहण्यापूर्वीच खाली जातो.